मुलीच्या बापाचं भाषण

५ फेब्रुवारी १९९८, गुरुवार

एकब्लाडबाईंनी सांगितलंय, रोज थोडं लिहा आणि इंग्रजीत लिहा. इंग्रजीत मला आज एवढंच जमलं: पाऊस आहे. गाई ठीक आहेत. मी ठीक आहे. यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं. पुढचं आपलं पोर्तुगीजमध्ये लिहितो. बाई काही वही तपासणार नाहीत.

लायब्ररीच्या दारातच फजिती झाली. दारावर ‘पुश’ लिहिलेलं. आमच्या भाषेत ‘पुश’ म्हणजे ओढा. इतकी वर्षं कॅलिफोर्नियात काढली, पण हात अजून ओढतोच. मी दार ओढतोय, ओढतोय, आणि काचेपलीकडून एक पगडीवाला सरदार हातवारे करतोय. शेवटी त्यानेच दार उघडलं. “जोर चांगला आहे तुमचा, दिशा चुकलीय,” म्हणाला. हरकमल धालीवाल त्याचं नाव. बदामाच्या बागा आहेत त्याच्या. कालव्याच्या बोर्डाची निवडणूक लढवायचीय, म्हणून भाषण शिकायला येतो.

वक्त्यांचा क्लब म्हणे. आठ-नऊ माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, पातळ कॉफी. क्लब चालवणाऱ्या एकब्लाडबाई पूर्वी इथल्या रेडिओवर दुधाचे आणि जनावरांचे भाव वाचायच्या. आवाज ओळखीचाच निघाला. त्यांच्यासमोर पितळी घंटा असते. बोलताना कुणी ‘अं’ केलं की वाजवतात.

माझी पाळी आली. नाव सांगा, काम सांगा, इथे का आलात ते सांगा. मी म्हणालो, “आदेलिनो सिल्वेरा. गाई. मुलगी. लग्न. जून.” एवढ्यात घंटा इतकी वाजली की कोपऱ्यातला विमा एजंट कानात बोट घालून बसला.

घरी येताना वाटलं, पुढच्या गुरुवारी जायचं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

का गेलो ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा न जाण्याची बुद्धी झाली तर वाचता येईल.

जानेवारीत आम्हा नवरा-बायकोला सॅक्रामेंटोला जेवायला बोलावलं होतं, मुलीच्या, झेलियाच्या, होणाऱ्या सासरी. नवरा मुलगा ग्रँट. त्याचे वडील, मिस्टर व्हिटलॉक, मोठे वकील. त्यांनी ग्लास उचलला आणि सुरेख बोलले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आत काहीही नव्हतं, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं. झेलियाने सावरायला सुरुवात केली, “माझे बाबा म्हणतात की–” तेवढ्यात ग्रँटने तिच्या हातावर हात ठेवला आणि पुढचं वाक्य स्वतःच पुरं केलं. मी काय म्हणालो असतो ते त्याने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी बसलो.

निघताना मिसेस व्हिटलॉक हळूच म्हणाल्या, “लग्नातल्या भाषणाची काळजी करू नका. ग्रँटचे काका तुमच्या वतीने बोलतील.” बाई प्रेमानेच म्हणाल्या, त्यात खोट नव्हती. पण वाटेतलं मँटेका गाव येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही. ओडेट म्हणाली, “सुटलास की! कटकट गेली.” तिला काय सांगू? माझ्या मुलीच्या लग्नात माझ्या वतीने कुणाचा तरी काका बोलणार?

झेलिया लहानपणापासून माझ्या वतीने बोलत आली ते वेगळं. ती घरची. सात वर्षांची असताना बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे मी तिला घेऊन जायचो. एकदा दूध तपासायला आलेल्या साहेबाला खुर्चीवर उभी राहून म्हणाली, “माझे बाबा म्हणतात तुम्ही चुकताय.” मी तसं म्हटलंच नव्हतं. पण साहेब खरंच चुकला होता.

१२ फेब्रुवारी

गेलो. सर्दीने डोकं गच्च झालं होतं. पोर्तुगीजमध्ये सर्दी झालेल्या माणसाला ‘कॉन्स्टिपादो’ म्हणतात. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “माफ करा, आज जास्त बोलता येणार नाही. मी फार कॉन्स्टिपेटेड आहे.”

विमा एजंट छताकडे बघायला लागला. हरकमलने कॉफीच्या वेळी मला कोपऱ्यात घेऊन रात्री काय भिजत घालायचं आणि सकाळी किती प्यायचं ते सगळं समजावून दिलं. बिचारा इतका मनापासून सांगत होता की मलाही वाटायला लागलं, घ्यावं का. घरी ओडेटला सांगितलं तर हसून हसून ती टेबलाला धरून उभी राहिली.

मी नाही हसलो. जूनमध्ये असं काही तोंडातून निघालं तर?

२२ फेब्रुवारी, रविवार

पाऊस थांबायचं नाव नाही. गोठ्यामागे चिखल गुडघाभर आहे आणि गाई बिथरल्यात. मीही.

ग्रँट आणि झेलिया जेवायला आले होते. या मुलाचं बोलणं म्हणजे उतारावरचं पाणी. कुठे अडत नाही, शब्द शोधावा लागत नाही. झेलिया शाळेत शिकवते. म्हणाली, “आई, परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाने–” तर ग्रँट म्हणाला, “हां, तो डब्यातून बेडूक आणणारा!” आणि सगळा किस्सा त्यानेच सांगितला. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, शेवट किती हळू करायचा, सगळं जिथल्या तिथे. झेलिया पावाचे बारीक बारीक तुकडे करत होती. मी मनात टिपून ठेवलं: शेवट हळू.

भांडी धुताना ओडेट म्हणाली, “पोरगी आज बोलली नाही.”

“ऐकत होती. ऐकणं हीसुद्धा कला आहे, एकब्लाडबाई म्हणतात.”

ओडेटने ताटली अशी आपटली की मला वाटलं फुटली.

५ मार्च

आता गोठ्यात काळ्या फळ्यावर रोज नवे शब्द लिहितो, जिथे पूर्वी औषधं दिलेल्या गाईंचे नंबर लिहायचो. ग्रॅटिट्यूड. कॉर्डियल. मॅग्निफिसंट. दूध काढणारी मेक्सिकन माणसं आधी हसायची, आता तीही म्हणतात. सान्तोस तर वासराला मॅग्निफिसंट म्हणूनच हाक मारतो.

बाईंनी आज मला थांबवून घेतलं. “मिस्टर सिल्वेरा, शब्द किती जमवलेत?”

“पुष्कळ.”

“ते बोलता कुणाशी?”

मी म्हणालो, गाईंशी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाषण म्हणजे शब्दांचं प्रदर्शन नव्हे. समोर माणूस असतो.” हे मला माहीत आहे. समोरच्या माणसांमुळेच तर घाम फुटतो.

१५ मार्च, रविवार

झेलियाचा फोन. ती हल्ली जास्त फोन करते. आठवड्यातून तीन-चारदा. लग्न जवळ आलं की मुलींना घराची ओढ लागते, ओडेटचंही असंच झालं होतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी झेलिया बोलायची म्हणजे पत्र्यावर गारा. आता प्रत्येक वाक्याआधी थांबते. “बाबा… मला… तुम्हाला एक सांगायचं होतं.” बाई आम्हाला हेच शिकवतात, थांबा, घाई करू नका. ग्रँटच्या सहवासाचा परिणाम, दुसरं काय.

मी म्हणालो, “सांग, पण आधी माझ्या भाषणाची सुरुवात ऐक.” आणि वाचून दाखवली. त्यात एक वाक्य होतं, आजपासून मी ग्रँटवर मुलासारखं प्रेम करणार आहे. ‘करायचं मनात आहे’ याला आमच्याकडे ‘प्रितेंदेर’ म्हणतात, म्हणून मी इंग्रजीत लिहिलं होतं ‘प्रिटेंड’. झेलिया म्हणाली, “बाबा, इंग्रजीत प्रिटेंड म्हणजे सोंग करणं.”

म्हणजे मी चारशे लोकांसमोर म्हणणार होतो, मी ग्रँटवर प्रेम करण्याचं सोंग करतो!

ती हसायला लागली. खूप दिवसांनी इतकी हसली. हसता हसता तिला ठसका लागला, नाक ओढत होती, मग आवाजच येईना. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. पावसाने लाइन खराब झाली असणार. थोड्या वेळाने म्हणाली, “शब्द बदला, बाबा,” आणि फोन ठेवला.

तिला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. पुढच्या वेळी विचारीन.

१२ एप्रिल, ईस्टर

व्हिटलॉक मंडळी पहिल्यांदाच आमच्याकडे आली. ओडेटने गोड पाव, सूप, सॉसेजेस, एवढं केलं की टेबलाला जागा उरली नाही. मिस्टर व्हिटलॉक जेवणभर पाण्याच्या हक्काच्या कायद्याबद्दल बोलले. मला निम्मं कळलं. जे कळलं ते चांगलं होतं.

मिसेस व्हिटलॉकना वासरं बघायची होती. चांगले बूट घालून चिखलात उतरल्या. एका वासराच्या तोंडात त्यांनी बोटं दिली आणि ते चोखत राहिलं, त्या डोळे मिटून उभ्या. कुंपणाबाहेरून मिस्टर व्हिटलॉक मला म्हणाले, “मॅरियनला जनावरांची फार भीती वाटते.” मला बाईंचं कौतुक वाटलं. एवढी भीती असून किती धीट.

काकांऐवजी मीच बोलणार हे कळल्यावर ग्रँटने माझ्या भाषणाचा कागद मागितला. “थोडा हात फिरवतो, सर. तुमचंच राहील, फक्त जरा वळणावर आणतो.” माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. झेलिया म्हणाली, “बाबांचं त्यांना करू दे की.” ग्रँटने तिच्या केसांवर हात फिरवला. “झेलियाला म्हणायचंय की मी तुमच्यावर दडपण आणू नये. मुळीच नाही आणणार.”

किती समजून घेतो तिला. तोंडातून शब्द निघायच्या आत.

३० एप्रिल

कागद आला. टाइप केलेला, दोन पानं. सुंदर आहे. डोळ्यांत पाणी येतं. एकेक वाक्य इतकं लांब की अर्ध्यात श्वास घ्यावा लागतो. ‘इन्डेलिबल’, म्हणजे न पुसला जाणारा, असा एक शब्द आहे, तो माझ्या जिभेवर बसतच नाही, ओल्या साबणासारखा निसटतो.

क्लबमध्ये बाईंना दाखवला. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला. “चांगलं लिहिलंय. कुणाचं आहे?”

“माझं.”

“यात तुम्ही कुठे आहात?”

मी वर माझं नाव दाखवलं. त्यांनी कागद घडी घालून परत दिला आणि पुढच्याला बोलावलं. हरकमल बाहेर म्हणाला, “भाऊ, बाई रागावल्या तर समज, तुझ्यात दम आहे. माझ्यावर त्या कधीच रागावत नाहीत.”

झोप नीट लागत नाही. डोळा लागला की वाटतं, मी उभा आहे आणि कागद कोरा आहे.

१६ मे, शनिवार

झेलिया आज अचानक आली. एकटीच. सकाळचं दूध काढणं चालू होतं, तर सरळ गोठ्यात आली, रबरी बूट चढवले आणि कामाला लागली. हात अजून विसरलेले नाहीत. मला इतका आनंद झाला.

शेवटची गाय सोडल्यावर म्हणाली, “बाबा, एक विचारू?”

“विचार. पण थांब, आता मला पाठ झालंय, आधी ऐक.” आणि मी तिथेच, यंत्रांच्या घरघरीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. ‘इन्डेलिबल’सकट. तिने पाइप हातात धरून सगळं ऐकलं.

“छान आहे,” म्हणाली. “ग्रँटसारखं वाटतंय.”

“त्यानेच तर सुधारलं! हं, काय विचारायचं होतं?”

“काही नाही.” आणि पाणी सोडून फरशी धुवायला लागली. स्वच्छ झालेली फरशी पुन्हा पुन्हा धूत होती.

नंतर ओडेटबरोबर खोलीत दार लावून बराच वेळ बसली. ती गेल्यावर ओडेटला विचारलं, काय चाललं होतं? ओडेट म्हणाली, “मी किती सांगणार? आणि काय सांगणार? तिने तुला सांगायला हवं, आणि तुझं तर तोंड बंद होत नाही.” मी म्हणालो, आयुष्यभर तूच ओरडत आलीस की मी बोलत नाही. तर म्हणाली, “तेच तर.”

बायकांचं बोलणं. लग्नाआधी सगळ्याच घरात असं असतं, फुलांवरून, ड्रेसवरून. पण दुपारभर मी एका जागी बसू शकलो नाही. ट्रॅक्टर काढला, नको तिथे नांगरून आलो.

२४ मे, रविवार

ग्रँटचा फोन. लग्नानंतर दोघं शिकागोला जाणार, तिथे त्याला मोठ्या ऑफिसात घेतलंय. झेलिया शाळेतली नोकरी सोडणार. “आम्ही ठरवलंय,” म्हणाला. शिकागो! विमानाने जायचं गाव. पण नवरा-बायकोने एकत्र ठरवलं की आपण कोण बोलणारे.

मग झेलिया फोनवर आली. मी म्हटलं, “ठरवलंत ना नीट?”

“ग्रँटने सांगितलं ना, बाबा.”

“हो, त्याने सांगितलं.”

“मग झालं.”

मला काहीतरी टोचलं. काय ते कळलं नाही. मग फळ्यासमोर उभा राहिलो आणि ‘इन्डेलिबल’ वीस वेळा म्हणालो.

१८ जून, गुरुवार

लग्नाआधीचा शेवटचा क्लब. संपूर्ण भाषण म्हटलं. एकही ‘अं’ नाही. घंटा वाजलीच नाही. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले, हरकमलने मिठी मारली, पगडी सरकली त्याची. विमा एजंटसुद्धा हसला.

एकब्लाडबाई म्हणाल्या, “उच्चार चांगले. आवाज चांगला. एकही अं नाही. आणि तुम्ही आमच्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.”

काहीही केलं तरी या बाईला पुरत नाही. सगळ्यांना लग्नाला बोलावलंच आहे, त्यांनाही.

१९ जून

शब्द सगळे आहेत. मोजून आहेत. तरी पहाटेपासून फळा दोनदा पुसून पुन्हा लिहिला.

झेलिया दुपारी आली. मला बघून हसली. नुसतं तोंड हसलं.

२१ जून, रविवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज लिहितो, जसं झालं तसं.

चर्च भरलं होतं. आमची माणसं उजवीकडे, व्हिटलॉक मंडळी डावीकडे. मागे हरकमल लाल पगडीत, शेजारी एकब्लाडबाई. मी वधूच्या खोलीकडे निघालो, तिला हात द्यायला. कागद कोटाच्या खिशात, ओठ आपोआप हलत होते. ओडेट दारातून बाहेर आली. तिचा चेहरा बघून मी थांबलो. “आत जा,” म्हणाली. “आणि आदेलिनो, देवाशपथ, तोंड उघडू नकोस.”

झेलिया खिडकीपाशी बसली होती. पांढरा ड्रेस, पायात बूट नाहीत. मला बघून उठली नाही. इंग्रजीत काहीतरी बोलायला लागली, थांबली. मग आपल्या भाषेत म्हणाली, “बाबा, मी जाणार नाही.”

माझ्या जिभेवर लगेच आलं, सगळ्या मुलींना भीती वाटते, आई पण घाबरली होती, लोक बसलेत, सूप शिजतंय. सगळं आलं. ओडेटचे शब्द आठवले म्हणून गिळलं.

ती थांबली. मी काही बोलेन याची वाट बघत होती. मी नाही बोललो. मग हळूहळू बोलायला लागली.

“मी दोन वर्षांत एक वाक्य पूर्ण केलेलं नाही, बाबा. मी सुरू करते आणि तो पूर्ण करतो. चांगलं करतो. माझ्यापेक्षा चांगलं. तो वाईट नाही. मारत नाही, ओरडत नाही. लोकांना वाटतं किती ओळखतो तिला. आता मलाच वाटायला लागलंय की मला काय म्हणायचं होतं ते त्यालाच जास्त माहीत. शिकागोचं मी त्याच्या तोंडून जेवताना ऐकलं, पाहुण्यांसमोर. ‘आम्ही ठरवलंय.’ मी मान हलवली. माझी मान मीच हलवली, बाबा.”

बाहेर ऑर्गन चालू होता.

“तुम्हाला सांगायचं म्हणून किती वेळा फोन केला. तुम्ही भाषण म्हणून दाखवायचात.”

मी खाली बसलो. जमिनीवरच, तिच्या पायाशी, कारण दुसरी खुर्ची नव्हती. तिचा पाय गार पडला होता, तो हातात धरून बसलो.

“लोकांना काय सांगायचं?” ती म्हणाली. “माझ्याने बाहेर जाऊन नाही सांगवणार.”

दार वाजलं. ग्रँट आणि त्याचे वडील. ओडेट त्यांना अडवत होती. ग्रँट म्हणाला, “दोन मिनिटं द्या, मी बोलतो तिच्याशी. ती घाबरलीय. तिला म्हणायचंय की–”

मी दारात जाऊन उभा राहिलो. इंग्रजीत म्हणालो, “तिला म्हणायचं होतं ते तिने म्हटलं. ती म्हणाली, नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून तिच्याकडे. “झेलिया?” ती म्हणाली, “नाही, ग्रँट.” तो तोंड उघडून उभा राहिला. त्याला शब्द सापडेना. मला त्याची दया आली. ते काय असतं, मला माहीत आहे.

मिस्टर व्हिटलॉक सावरले. “मी जाऊन सांगतो लोकांना. मला सवय आहे. काहीतरी तब्येतीचं कारण सांगू, योग्य शब्दांत.”

“ती माझी मुलगी आहे,” मी म्हणालो. “मी सांगतो.”

मधल्या वाटेवरून वेदीपर्यंत चाललो. वेदीपाशी वळलो. कागद खिशातच होता, पण त्यातला एकही शब्द या कामाचा नव्हता. मी लोकांकडे पाहिलं. खरंच पाहिलं. माझी बहीण, चुलत भाऊ, सान्तोस आणि त्याची बायको, तिसऱ्या बाकावर मिसेस व्हिटलॉक. सगळ्यांचे चेहरे दिसले.

मी इंग्रजीत म्हणालो, “नमस्कार. मी आदेलिनो. झेलियाचा बाप. अं. आज लग्न नाही. कुणी वाईट केलं नाही. ग्रँटने नाही. अं. माझी मुलगी नाही म्हणाली. तिने मला आधीपण सांगितलं असतं, मी ऐकलं नाही. आज ऐकलं. तुम्ही लांबून आलात. मला वाईट वाटतं. तिला कुणी काही विचारू नका. विचारायचं असेल तर मला विचारा, मी हळू बोलतो, तुम्ही थांबा. चर्चच्या हॉलमध्ये सूप तयार आहे. सूपातली गाय आमचीच आहे. या, जेवा.”

मग हेच सगळं पोर्तुगीजमध्ये सांगितलं, कारण आमच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या होत्या, काय म्हणाला, काय म्हणाला.

कुणी हललं नाही. टाळ्या कुठून असणार. मग मागे हरकमल उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “चला, सूप गार होईल.” तेवढ्याने लोक उठायला लागले. व्हिटलॉक मंडळींपैकी बरेच परस्पर गाड्यांकडे गेले. काही आले. हॉलमध्ये हरकमल कोट काढून, बाह्या सरसावून वाढायला उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

एकब्लाडबाई ताटली घेऊन माझ्यापाशी आल्या. मला वाटलं आता काही म्हणतील. त्यांनी नुसता माझ्या बाहीला हात लावला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

२५ जून, गुरुवार

माझी बहीण चार दिवस बोलत नाहीये. चर्चमध्ये असं कधी झालं नव्हतं म्हणते. खरं आहे. मला स्वतःलाही दिवसातून दहादा वाटतं, घाई केली का, आणखी अर्धा तास थांबून बघायला हवं होतं का. मग झेलियाकडे बघतो. ती जेवते, झोपते, उठते. जास्त बोलत नाही. मी विचारत नाही. काल वासरांना दूध पाजताना तिने मला काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिलं. मी बादल्या धूत राहिलो. पुन्हा सुरू करेल तेव्हा करेल.

आज दुपारी घरात मी एकटाच जागा होतो. ओडेट हॉलवर, झेलिया तिच्या खोलीत झोपलेली. फोन वाजला.

“मिस्टर सिल्वेरा? मॅरियन व्हिटलॉक.”

मी उभाच राहिलो. रागावतील म्हणून उत्तरं जुळवायला लागलो.

“झेलिया जेवते का?” त्यांनी विचारलं.

“थोडं थोडं.”

“झोपते?”

“खूप.”

“झोपू दे तिला.”

मी विचारलं, “ग्रँट?”

“खोलीतून बाहेर येत नाही. त्याचे वडील त्याला समजावतात दाराबाहेरून. तासन्‌तास.” मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, त्यांच्याकडची. “मिस्टर सिल्वेरा, शनिवारी तुम्ही तिथे उभे होतात तेव्हा मी बाकावर बसून विचार करत होते… माझ्या लग्नाच्या दिवशी, स्टॉकटनच्या चर्चमध्ये, जर माझ्या वडिलांनी…”

तिथे थांबल्या.

ते वाक्य कसं संपणार ते मला कळलं. संपवायला लागणारे शब्द माझ्याकडे होते, इंग्रजीत, बिनचूक. मी ते तोंडातच ठेवले.

बराच वेळ गेला. श्वास तेवढा ऐकू येत होता.

“मिस्टर सिल्वेरा? आहात ना?”

“आहे,” मी म्हणालो. “सावकाश सांगा.”

आणि पायाने खुर्ची जवळ ओढून बसलो.